बस नाशिकची, पण मालक कोण?

८ जुलै २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या सिटीलिंक या शहर बससेवेच्या गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हा नाशिकला महापालिका मिळून जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. मुंबईची बेस्ट १९४७ मध्येच पालिकेच्या ताब्यात आली, पुण्याची पीएमटी १९५० ची. मग नाशिकचं घोडं अडलं कुठे? खरं तर कुठेच अडलं नव्हतं. एसटी होती ना! शहरात फिरणारी बस पालिकेची असावी लागते का, हा प्रश्न इथे बराच काळ कुणाला पडलाच नाही.

मुळात या शहराला गाडीची गरज लागली ती रेल्वेमुळे. स्टेशन आलं नाशिकरोडला आणि गाव राहिलं आठ-नऊ किलोमीटर लांब, गोदाकाठी. यात्रेकरू रेल्वेतून उतरायचा तो माळरानात. रामकुंड गाठायचं तर टांगा करायचा, नाहीतर चालायचं. या तुकड्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्राम धावू लागली. तिचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. नाशिकरोड स्टेशन ते मेन रोड असा तिचा मार्ग. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आज त्या रस्त्यावर रूळ सोडा, रुळाची खूणही नाही. पण निमाणी–शालिमार–द्वारका–नाशिकरोड ही शहर बसची सगळ्यात भरलेली वाट अजूनही त्याच दोन टोकांना सांधते.

ट्राम संपण्याआधीच सर्व्हिस मोटारींचा काळ सुरू झाला होता. एखाद-दुसरी गाडी असलेले खासगी मालक, गाडी भरली की सुटणार, भाडं माणूस आणि मोसम पाहून. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या कारभाराला थोडा लगाम बसला. एका मार्गावरच्या मालकांना एकत्र यावं लागलं. त्यातून ठरलेल्या वेळा, ठरलेले थांबे, ठरलेलं भाडं आणि तिकीट फाडणारा कंडक्टर असं सगळं आलं. म्हणजे एसटीची शिस्त म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिचा निम्मा पाया सर्व्हिस मोटारवाल्यांच्या हातून घातला गेला. त्यांना हे श्रेय फारसं कुणी देत नाही.

१९४८ मध्ये मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ सुरू केली. १ जूनला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. लाकडी सांगाडा, काथ्या भरलेली आसनं, आणि रंग निळा-चंदेरी, लालपरी नंतरची. १९५० चा रस्ते वाहतूक महामंडळ कायदा, मग महामंडळ, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा आणि विदर्भाच्या सरकारी गाड्यांची भर, महाराष्ट्र झाल्यावर आजचं नाव. हा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे.

नाशिकची गोष्ट वेगळी ठरली ती इथून पुढे. सिन्नर, मालेगाव, सटाणा, कळवण, पेठ अशा आगारांचा विभाग सांभाळणारी एसटीच शहरातही धावू लागली. सातपूरची एमआयडीसी उभी राहिली, पुढे अंबड, मग सिडकोची घरं. पहिल्या पाळीचा कामगार, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, म्हणजे प्रेसमध्ये जाणारा, भगूरहून कॉलेजला येणारा पोरगा, सगळ्यांची मदार याच लाल गाड्यांवर. नाशिककर आजही पत्ता सांगताना ‘सीबीएसजवळ’ म्हणतो. त्याला मध्यवर्ती बसस्थानक असं मराठी नाव आहे, हे सरकारी पाटीलाच माहीत.

पण एसटीचं गणित लांब पल्ल्याचं. धुळ्याला जाणारी गाडी एकदा भरली की तासन्‌तास कमावते. शहरातली गाडी दर अर्ध्या किलोमीटरला थांबते, सिग्नलला डिझेल जाळते, त्यात निम्मे प्रवासी पासवाले विद्यार्थी. रोख पैसे देऊन तिकीट काढणारा उतारू तोवर शेअर रिक्षाने पळवलेला. त्यामुळे एसटीच्या हिशेबात शहर सेवा कायम तोट्याचं खातं. ही सेवा महापालिकेने चालवावी असं महामंडळ म्हणत राहिलं आणि तोट्याचं ओझं गळ्यात कोण घेणार म्हणून पालिका मागे सरत राहिली. या ओढाताणीत फेऱ्या घटत गेल्या. गाड्या कमी म्हणून माणसं रिक्षाकडे, माणसं कमी म्हणून आणखी गाड्या कमी. माझ्या मते दोघांनाही दोष द्यावा, पण पालिकेला थोडा जास्त; शहर तिचं होतं.

शेवटी पालिकेने नाशिक महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड ही कंपनी काढली. सिटीलिंक हे तिचंच लोकांपुढचं नाव. तपोवन आणि नाशिकरोड असे दोन डेपो, गाड्या मुख्यतः सीएनजीच्या. कंपनी पालिकेची असली तरी बस पालिकेच्या नाहीत. गाड्या आणि चालक ठेकेदारांचे. कंपनी त्यांना धावलेल्या किलोमीटरमागे पैसे मोजते. तिकिटाचे पैसे कंपनीकडे येतात, कमी पडले तर पालिका भरते. वाहक आणखी निराळ्या ठेक्यावरचे.

या रचनेचा फायदा असा की गाड्या विकत घेण्याचा भार पालिकेवर पडत नाही, आणि प्रवासी नसले तरी ठेकेदार फेरी टाळत नाही, कारण त्याचं पोट किलोमीटरवर आहे. तोटा वाहकांनी दाखवून दिला. पगार थकले म्हणून त्यांनी वारंवार काम बंद ठेवलं. गाडी डेपोत, चालक हजर, डिझेल-सीएनजी भरलेलं, तरी थांब्यावर माणसं ताटकळत. वाहक म्हणतो पगार ठेकेदाराने द्यायचा, ठेकेदार बोट दाखवतो कंपनीकडे. सर्व्हिस मोटारीच्या काळात निदान भांडायला मालक समोर असायचा.

सिटीलिंक सुरू होऊन चार महिने होत नाहीत तोच २०२१ च्या नोव्हेंबरात राज्यभर एसटीचा संप पेटला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. जिल्ह्याची एसटी इतकी वर्षं शहर वाहत होती. आता शहराची बस हद्दीबाहेर सिन्नर, त्र्यंबकला जाते. त्या वाटेवर दोन्ही गाड्या एकामागोमाग येतात आणि उतारू बहुधा रंग पाहत नाही, पहिली येईल तिच्यात चढतो. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतो आहे. पर्वणीच्या दिवशी त्र्यंबकच्या वाटेवर दोघींनाही जागा कमी पडणार आहे.