फौजी घरी येतो, शरीर मागाहून

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की सोलापूरकर माना वर करून बघतात. त्या गर्दीत सीमेवरून नुकताच सुट्टीवर आलेला एखादा फौजी असेल, तर पहिल्याच आवाजाला त्याची मान खाली जाते आणि नजर आडोसा शोधते. हसू नये, चौकीवर याच सवयीने त्याला वाचवलेलं असतं.

आवाज कानावर पडून अंग आकसायला पाव सेकंदही लागत नाही. विचार येतो तो नंतर. महिनोन्‌महिने धोक्यात राहिलं की मेंदूतला अमिग्डाला हा भाग दाराच्या खटक्यालाही दचकतो, अंगाला सावध ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रसायन चढून राहतं आणि झोप सावध होते.

हे उतरायला वेळ लागतो, आणि तो परतीच्या वाटेवर मिळतो किंवा मिळत नाही. अर्जेंटिनाशी झालेल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटिश मरीन सैनिक ‘कॅनबेरा’ जहाजातून दोन आठवड्यांहून जास्त प्रवास करून मायदेशी पोचले. सोबत होते ते लढाईतलेच सोबती, त्यामुळे बोलायला माणसं होती. व्हिएतनाममधला अमेरिकन सैनिक मात्र मुदत संपली की एकटाच विमानात बसायचा आणि दोन-चार दिवसांत घरी. पुढे अफगाणिस्तानातून परतणाऱ्या तुकड्यांना ब्रिटनने सायप्रस बेटावर दीडेक दिवस थांबवलं, कॅनडाने पाचेक दिवस. गरम पाण्याची आंघोळ, समुद्र, मोजकी बिअर, थोडं समुपदेशन. घरची ओढ लागलेले जवान आधी कुरकुरायचे, पण थांबा बरा होता असं नंतर बहुतेकांनी सांगितलं.

२०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात या थांब्याचा फायदा दिसला, पण तो लढाईची झळ कमी किंवा मध्यम बसलेल्यांना. ज्यांनी सगळ्यात भयंकर पाहिलं, त्यांना फारसा नाही. मला याचं नवल वाटत नाही. भीती पुसली जात नाही. ‘इथे धोका नाही’ अशी दुसरी आठवण तिच्यावर बसते, आणि ती जागेला चिकटलेली असते. उंदराची भीती एका पिंजऱ्यात घालवली आणि त्याला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवलं, की भीती पुन्हा हजर होते, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. मग किनाऱ्यावर शिकलेली निर्धास्ती सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या हॉर्नमध्ये कशी टिकणार? ती तिथेच, सावकाश शिकावी लागते.

आपला जवान सुट्टी मंजूर होईल तसा येतो. जम्मूहून झेलम एक्स्प्रेसने दीड-दोन दिवस, पुढे सोलापूरची गाडी. वेळ मिळतो, पण बोलायला तुकडीतलं कुणी असेलच असं नाही.

म्हणून घरच्यांनी पहिल्याच दिवशी सगळा गोतावळा गोळा करू नये. झोपलेल्याला हलवून उठवू नये, लांबून नावाने हाक मारावी. दारूकाम बघायचंच असेल तर मैदानाच्या कडेला, बाहेरची वाट जवळ ठेवून उभं राहावं. महिना उलटूनही झोप, राग किंवा दारू आटोक्यात येत नसेल, तर लष्करी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, आणि हा फोन बायकोने किंवा आईने केला तरी चालतो.