कोल्हापूरची संगीतपरंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर संस्थानात आकाराला आलेली आणि पुढे दरबार, देऊळ, रंगभूमी, चित्रपट व लोककलेचा फड अशा निरनिराळ्या ठिकाणी एकाच वेळी नांदलेली गाण्या-वाजवण्याची परंपरा. कोल्हापूरला कौतुकाने ‘कलापूर’ म्हणतात. ते म्हणताना लोकांच्या मनात बहुधा चित्रपटकार बाबूराव पेंटरांचा कॅमेरा आणि इथले चित्रकार असतात. गाण्याचा हिस्सा मात्र मोजताना नेहमीच थोडा कमी धरला जातो. या परंपरेचे वेगळेपण एका घराण्यात किंवा एका थोर गायकात शोधू नये. दरबारी खयाल (रागाचा विस्तार करत गायचा शास्त्रीय प्रकार), नाटकातले पद आणि बोलपटातले गाणे यांच्यात इथे भिंती नव्हत्या. एकच माणूस सकाळी उस्तादांच्या बैठकीला आणि रात्री नाटकाच्या पेटीवर दिसे. ही ये-जा हेच तिचे खरे लक्षण आहे.

संगीतप्रेमी मंडळींचा ‘गायन समाज’ कोल्हापुरात १८८३ मध्ये सुरू झाला. तोच पुढे ‘गायन समाज देवल क्लब’ म्हणून ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या संगीतसंस्थांत त्याची गणना होते आणि आजही तो चालू आहे. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले, तेव्हा गाणे ऐकणारा आणि त्यावर वाद घालणारा वर्ग गावात आधीच तयार होता. महाराजांच्या आश्रयाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे, पण हा कान आधीपासून तयार नसता तर आश्रयाला एवढे फळ आले नसते.

अल्लादियाखाँ : जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचा जन्म राजस्थानातल्या उनियारा इथला. घराणे मुळात धृपदियांचे, म्हणजे खयालाहून जुना धृपद हा प्रकार गाणाऱ्यांचे. तालीम चुलते जहाँगीरखाँ यांच्याकडे झाली. उमेदीच्या काळात अतिश्रमाने त्यांचा आवाज बिघडला आणि पूर्वीसारखा पुन्हा लागला नाही. हाती उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते कोल्हापूर दरबारी आले आणि १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन होईपर्यंत, म्हणजे पाव शतकाच्या आसपास, इथेच राहिले. घराण्याच्या नावात जयपूर आणि अत्रौली ही दोन्ही गावे उत्तरेकडची आहेत. पण ही गायकी पिकली आणि शिष्यांच्या गळ्यात उतरू लागली ती पंचगंगेकाठी, हे ठासून सांगायला हवे. नावात कोल्हापूर नाही म्हणून त्याचा वाटा कमी होत नाही.

ही गायकी ऐकायला सोपी नाही. स्वर मोकळ्या आकाराने, म्हणजे ‘आ’ या उच्चाराने, लागतो. विस्तार फार संथ नसतो. तीनतालाच्या मध्यविलंबित लयीत मात्रांना धरून एकेक स्वरवाक्य पुढे सरकते. आलाप (सावकाश विस्तार) कुठे संपला आणि तान (स्वरांची वेगवान मालिका) कुठे सुरू झाली हे नेमके दाखवता येत नाही. तान सरळ सपाट न जाता वळसे घेत, उलटसुलट पेच टाकत जाते आणि श्वास कुठे घेतला ते कळायच्या आत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येते. यासाठी लागणारा दमसास वर्षानुवर्षांच्या मेहनतीनेच येतो. अनवट (क्वचितच गायल्या जाणाऱ्या) रागांची आणि जोडरागांची या घराण्याला विशेष ओढ. बसंती केदार, संपूर्ण मालकंस, रायसा कानडा, खोकर हे राग मैफलीत नांदते राहिले ते मुख्यतः याच परंपरेमुळे. जोडराग म्हणजे दोन रागांचे तुकडे एकापुढे एक ठेवणे नव्हे. बसंती केदारात वसंत आणि केदार एकमेकांत असे मिसळतात की एकाच्या वाक्याला दुसऱ्याचे शेपूट लागते, आणि तरीही दोघांची ओळख पुसत नाही. लिहून हे समजत नाही, समोर बसून ऐकावे लागते.

शाहू महाराजांच्या पश्चात खाँसाहेब मुंबईला गेले. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची त्यांच्याकडची दीर्घ तालीम त्याच सुमारास, १९२१ पासूनची. बाईंचा कोल्हापूरशी संबंध मात्र त्याहून जुना आहे. लहानपणी त्या इथे येऊन काही महिने अब्दुल करीमखाँ यांच्याकडे शिकल्या होत्या. त्यांच्या आवाजातली भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीतून अवकाशात गेली. अल्लादियाखाँ यांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे लक्ष्मीबाई जाधव शिकल्या. त्या पुढे बडोदा दरबारच्या गायिका झाल्या. मोगूबाई कुर्डीकरांनाही अल्लादियाखाँ आणि हैदरखाँ या दोघांची तालीम मिळाली. या बायकांनी घराणे नुसते जपले नाही. ते घरोघरच्या कानांपर्यंत नेले ते त्यांनीच. मैफलीच्या मंचावर बाईने मानाने बसावे यासाठी त्या पिढीने काय सोसले, याची नोंद संगीताच्या इतिहासात फार तोकडी आहे.

मुंबईला सगळे गेले नाही. खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव शम्सुद्दीन ऊर्फ भुर्जीखाँ (१८९०–१९५०) यांचे बिऱ्हाड कोल्हापुरात राहिले आणि त्यामुळे घराण्याची तालीमही इथे राहिली. मंचावर त्यांचे नाव वडिलांइतके कधी गाजले नाही, पण शिकवण्याची त्यांची हातोटी विलक्षण असावी. त्यांच्या शिष्यांची नावे पाहिली तरी हे पटते. थोरले बंधू मंजीखाँ १९३७ मध्ये गेल्यावर मल्लिकार्जुन मन्सूर यांनी पुढची तालीम भुर्जीखाँकडे घेतली. गजाननबुवा जोशी, वामनराव सडोलीकर हेही त्यांचेच शिष्य. वामनरावांच्या कन्या श्रुती सडोलीकर यांचा जन्म कोल्हापूरचा. कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांनी १९४० च्या दशकात भुर्जीखाँकडे दहाएक वर्षे तालीम घेतली. त्या काळी एका ब्राह्मण घरातल्या मुलीने मुसलमान उस्तादांकडे गाणे शिकायचे, तेही शौक म्हणून नव्हे तर जन्माचे व्रत म्हणून, ही साधी गोष्ट नव्हती. उस्ताद गेल्यावर धोंडूताई त्यांचे पुत्र अझीझुद्दीनखाँ यांच्याकडे आणि नंतर मुंबईत केसरबाईंकडे शिकल्या. अझीझुद्दीनखाँ, म्हणजे सगळ्यांचे ‘बाबा’, यांचे आणखी एक ऋण आहे. आजोबांनी सांगितलेली जीवनकथा त्यांनी उर्दूत उतरवून घेतली. खाँसाहेबांच्या स्वतःच्या शब्दांतले आयुष्य आपल्या हाती आहे ते त्यामुळेच.

तालीम म्हणजे नेमके काय, हे इथे थोडक्यात सांगणे जरूर आहे. उस्ताद गात, शिष्य मागून गाई. वही, स्वरलिपी यांना फारसे स्थान नव्हते. एकच राग महिनोन्‌महिने चाले. अस्थाई (रचनेचा पहिला भाग) गळ्यात पक्की बसल्याशिवाय अंतरा (दुसरा भाग) मिळत नसे. चीज, म्हणजे रागात बांधलेली रचना, जपून दिली जाई, कारण ती घरची पुंजी होती.

गोविंदराव टेंबे : दरबार, नाटक आणि बोलपट या तिन्हींना जोडणारा माणूस कोण, असे विचारले तर गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे नाव घ्यावे लागते. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा त्यांचा जन्म. पेटी ते ऐकून, बोटे घासून शिकले. देवल क्लबातल्या सहवासाने त्यांना घडवले आणि भास्करबुवा बखले व अल्लादियाखाँ यांच्या गाण्याने त्यांना दिशा दिली. साथीचे वाद्य समजल्या जाणाऱ्या पेटीवर त्यांनी स्वतंत्र वादन करून दाखवले. पेटीला मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे) नाही हे तिचे मोठे वैगुण्य. टेंबे ते बोटांच्या जुळणीने आणि भात्याच्या दाबाने असे झाकत की पेटी गाते आहे असे वाटे.

‘मानापमान’ या नाटकाला (१९११) त्यांनी चाली दिल्या. मराठी नाटकात तोवर साकी, दिंडी या वृत्तांच्या आणि कानडी वळणाच्या चालींचे राज्य होते. टेंब्यांनी त्यात खयालातल्या बंदिशी आणि पूरब अंगाची (बनारस-लखनौकडच्या ढंगाची) ठुमरी-दादरा आणली. प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली आणि नाट्यसंगीताचे वळणच बदलले. महाराष्ट्रातल्या हजारो माणसांनी रागसंगीत पहिल्यांदा ऐकले ते अशा पदांतून. खयाल मैफलीत अडकून न राहता दोन आण्यांच्या तिकिटाच्या बाकावर पोचला, यात कोल्हापूरच्या या माणसाचा वाटा फार मोठा आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. पुढे त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची कंपनीही काढली.

वयाच्या पन्नाशीत ते कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आणला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका टेंब्यांची आणि संगीतही त्यांचेच. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नट गात असतानाच चित्रण आणि ध्वनिमुद्रण दोन्ही होई. वादकांना चौकटीबाहेर दडून साथ करावी लागे. मायक्रोफोनसमोर आवाज किती टाकायचा, हे रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत गायची सवय असलेल्या नटांना नव्याने शिकावे लागले. टेंब्यांनी गुरूचे ऋणही फेडले. अल्लादियाखाँ यांचे चरित्र त्यांनी मराठीत लिहिले. त्यांच्या गद्यात संगीत समजलेल्या माणसाची नेमकी भाषा आहे आणि ती आजच्या समीक्षेत क्वचित सापडते.

केशवराव भोसले आणि पॅलेस थिएटर : कोल्हापुरात जन्मलेले ‘संगीतसूर्य’ केशवराव भोसले (१८९०–१९२१) लहानपणीच नाटक कंपनीत दाखल झाले आणि १९०८ मध्ये, ऐन अठराव्या वर्षी, त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली. चढा, धारदार, तिन्ही सप्तकांत फिरणारा आवाज ही त्यांची ओळख. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त ते नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी होते. त्या रात्री दोघांच्या गळ्यातून उमटलेल्या चाली टेंब्यांच्या होत्या, हे सहसा कोणी आठवत नाही. पुढे तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुले झाले. १९५७ मध्ये त्याला केशवरावांचे नाव मिळाले. शतकभर मराठी रंगभूमीचा बहुतेक प्रत्येक मोठा आवाज तिथे घुमला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी त्या काळवंडलेल्या भिंतींपुढे गावातले कलावंत आणि प्रेक्षक रडत उभे होते. त्यानंतर पुनर्बांधणी हाती घेण्यात आली.

चित्रपटाचा काळ : प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, तरी चित्रपट कोल्हापुरात राहिला. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेल्यावर नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांनी मंगेशकर कुटुंबाला आधार दिला. त्यांची प्रफुल्ल पिक्चर्स ही संस्था तेव्हा कोल्हापुरात होती. तेरा-चौदा वर्षांच्या लता मंगेशकर इथे छोट्या भूमिका करत आणि गात. मनाला न रुचणारा मेकअप आणि दिवे सोसत त्यांनी घर चालवले. आशा भोसले यांचे पहिले चित्रपटगीतही याच संस्थेच्या ‘माझं बाळ’ (१९४३) मधले. १९४५ मध्ये संस्था मुंबईला गेली, तरी लताबाईंचा दिग्दर्शक भालजी पेंढारकरांशी असलेला स्नेह टिकला. भालजींच्या ‘साधी माणसं’ (१९६५) सह काही चित्रपटांना लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. लोहाराच्या भात्याची धाप आणि घणाचा ठोका त्यांनी गाण्यात आणला, तो या मातीतला ताल ओळखूनच.

सुधीर फडके ऊर्फ बाबूजी (१९१९–२००२) कोल्हापूरचे. गाण्याचा पाया वामनराव पाध्ये यांच्याकडे इथेच घातला गेला. बाबूजींच्या गाण्यात शब्दाचा एकेक काना, एकेक वेलांटी ऐकू येते आणि तरीही सूर ढळत नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’तल्या ५६ गीतांना त्यांनी दिलेल्या चालींत रागांचा पाया स्पष्ट दिसतो, पण त्याचे प्रदर्शन कुठे नाही.

फड आणि हलगी : पेशाने शिक्षक असलेले जगदीश खेबुडकर (१९३२–२०११) खेबवड्याचे. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेली आणि सुलोचना चव्हाण यांनी गायलेली लवंगी मिरचीची लावणी कोल्हापूरचे नाव घेऊनच गावोगाव गेली. सुलोचनाबाई डोक्यावरून पदर घेऊन, माईकसमोर स्थिर उभ्या राहून लावणी म्हणत. सगळा ठसका उच्चारात आणि सुराच्या फेकीत. पुढे ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटाने खेबुडकरांची लेखणी घराघरांत नेली. शाहिरीत लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक ही इथली मोठी नावे. सत्यशोधकी विचार खेड्यापाड्यांत रुजवण्यात जलसे आणि शाहिरांच्या डफाचे मोल पुस्तकांपेक्षा कमी नव्हते.

अंबाबाईच्या गोंधळात संबळ आणि तुणतुणे वाजते. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या (देवाच्या उंच, सजवलेल्या काठ्या) हलगीच्या ठेक्यावर नाचतात. हलगी व घुमके ही चर्मवाद्ये आणि कैताळ ही झांज, हा कोल्हापूरकडचा खास मेळ. हलगीच्या कातड्याला जाळाची ऊब दाखवून ते ताणून घेतात, तेव्हाच तिचा कडकडाट निघतो. खासबागेत कुस्ती लागली की वाजवणारा नजर पैलवानांवर ठेवतो. खडाखडी (सुरुवातीची चाचपणीची झटापट) चालू असते तोवर ठेका संथ असतो, पकड बसली की तो चढू लागतो, आणि डाव पडायच्या क्षणी घुमके आणि कैताळ एकदम हलगीवर येऊन मिळतात.