नुरा कुस्ती (खान्देश)

दोन मल्लांनी आधीच ठरवून बरोबरीत सोडवलेली, किंवा एकाने मुद्दाम पाठ टेकवलेली कुस्ती. हिच्या उलट निकाली कुस्ती, म्हणजे खरोखर लढून हार-जीत ठरलेली. जळगाव, धुळे, नंदुरबार भागातल्या यात्रांत दंगलीचे, म्हणजे कुस्त्यांच्या फडाचे, इनाम बहुधा लोकवर्गणीतून उभे राहते. त्यामुळे नुरा कुस्ती ही गावाची फसवणूक ठरते, आणि ती आहेच.

जाणकार ती खडाखडीतच, म्हणजे सुरुवातीच्या उभ्या झटापटीतच, ओळखतो. कपाळाला कपाळ, मानेवर हात, पण पटाला, म्हणजे पाय धरून पाडायला, कोणी झुकत नाही. जोड सरकत सरकत गर्दीच्या कडेला जाते, पंच मध्ये आणतात, पुन्हा तेच. घिस्सा, म्हणजे खालच्या मल्लाला लंगोट धरून उलटवण्याचा डाव, मारताना लंगोट हातात असतो, मानेवर पायाचा भार मात्र नसतो. खालचा मल्लही कोपर जमिनीत रोवत नाही. मात्र घाई नको: तोडीची जोड दमली की खरी कुस्तीही अशीच रेंगाळते. छातीचा भाता आणि मातीतले पायांचे ओरखडे पाहून फरक कळतो.

अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. आपला खेळ मनोरंजन आहे, हे तिथल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीने 1989 मध्ये न्यू जर्सीत उघड मान्य केले. तिथे प्रेक्षक ते जाणून टाळी देतो. आखाड्यात असा करार नसतो.

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. अशा स्पर्धांतल्या गादीवरच्या (मॅटवरच्या) कुस्तीत 3 मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण असतात, बरोबरी नसते. मोबाइलवर हे पाहिलेला प्रेक्षक दंगलीतही वेळ आणि गुण मागतो. ही मागणी रास्त आहे. वेळ संपली की गुणांवर निकाल आणि रेंगाळणाऱ्या जोडीचे इनाम राखून ठेवणे, हेच उपाय लागू पडतात.

आता एका यात्रेतली कुस्ती दुसऱ्या यात्रेआधी फोनवर पोहोचते. त्याच जोडीने तोच खेळ पुन्हा केला तर झाकत नाही. पण अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात फक्त शेवटचा डाव दिसतो, खडाखडी कापली जाते. त्यावरून नुरा म्हणणे अन्यायाचे. चीत झाली की नाही, म्हणजे दोन्ही खांदे टेकले की नाही, यावर वाद झाल्यास मंचावरचे चित्रण कामाचे नसते, कारण वरच्या मल्लाच्या अंगाआड खालच्याचे खांदे झाकतात. फोन मातीच्या पातळीवर, बाजूने हवा. दुपारच्या दंगलीत पश्चिमेकडून, म्हणजे ऊन पाठीमागे राहते.