अर्धपोटी आईला दूध येते कुठून?

‘आईच अशक्त, तर बाळाला दूध कसे पुरणार?’ हे काळजीने म्हटले जाते; पण पोट भरल्यावर उरेल त्याचे दूध होते, ही समजूत त्यामागे असते. शरीराचा हिशेब उलटा आहे: आधी दूध, मग आई.

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात केनेबा नावाचे गाव आहे. तिथे जून ते ऑक्टोबर पाऊस. आधीच्या पिकाचे धान्य तेव्हाच संपत येते आणि शेतीची कामेही तेव्हाच अंगावर येतात. ब्रिटिश संशोधकांनी १९७०च्या दशकापासून तिथल्या स्तनदा मातांचा अभ्यास केला. टंचाईत त्यांची वजने उतरत, दूधही काहीसे घटे, पण आटत नसे. रोजच्या ७५० मिलिलीटर दुधात सुमारे ५०० किलोकॅलरी असतात. तयार करण्याचा खर्च धरला तर ६००च्या वर. हे येते कुठून?

रक्तातली चरबी पेशींत शिरायला लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) लागते. एरवी ते चरबी साठवणाऱ्या पेशींत जोरात असते. बाळ ओढू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दूध तयार करायला लावणारे संप्रेरक स्रवते. मग हे विकर तिथे मंदावते आणि दुग्धग्रंथींत वाढते. कालवा तोच, दारे फिरवलेली. सोबत इन्शुलिनही कमी असल्याने साठा सुटायला लागतो. मांड्यांवरची चरबी एरवी हटता हटत नाही, ती याच काळात सैल होते. शिवाय जेवणानंतर उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जाही घटते, असे काही मोजमापांत दिसले आहे.

केनेबातल्या स्तनदा मातांना पूरक आहार दिला, तेव्हा दूध वाढलेच नाही! प्रोलॅक्टिन मात्र उतरले आणि पाळी लवकर परतली. कमी खाणाऱ्या आईच्या बाळाला जास्त जोराने ओढावे लागते म्हणून तिचे प्रोलॅक्टिन चढे राहते, असा एक तर्क आहे. म्हणून ‘दूध वाढवणाऱ्या’ पावडरींच्या जाहिराती वाचताना जरा जपून. ‘दुधाला नजर लागली’ याबद्दल तर बोलायलाच नको.

मग आईला जादा अन्न देणे व्यर्थ? मुळीच नाही. झीज तिचीच होत असते. आणि गरोदरपणात दिलेल्या अन्नाचा गुण बाळातही दिसतो: गांबियातल्याच, १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टंचाईच्या हंगामातील बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २०० ग्रॅमने वाढले.