शवासनात घोरणं म्हणजे योगनिद्रा नव्हे

सकाळच्या वर्गात शेवटी सगळे आडवे होतात आणि तिसऱ्या मिनिटाला भिंतीकडच्या सतरंजीवरून घोरणं सुरू होतं. उठून बसल्यावर तेच काका तृप्त चेहऱ्यानं सांगतात, "आज योगनिद्रा काय छान लागली!" इतकी वर्षं मी हसून सोडून देत होते. पण आता त्यांच्या सूनबाई रात्री मोबाइल उशाशी ठेवून 'योगनिद्रा' ऐकत झोपतात, पहाटे तीनला जाग्या होतात आणि मलाच विचारतात, "ताई, गुण का येत नाही?" तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

शवासन तुम्हाला येतं. उताणं पडायचं, पायांत अंतर, तळवे वर, डोळे मिटलेले. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात त्याला एकच श्लोक आहे: प्रेतासारखं जमिनीवर उताणं पडणं म्हणजे शवासन, ते थकवा घालवतं आणि चित्ताला विसावा देतं. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड घ्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं न पडता डाव्या कुशीवर. आणि कृपा करून 'सवासन' म्हणू नका. आपलाच शब्द इंग्रजीतून फिरून आला म्हणून त्यातला शव कशाला घालवायचा?

योगनिद्रेचा घोळ नावापासूनच आहे. आषाढी एकादशीला विष्णू निजतो तीही योगनिद्रा. त्याच हठप्रदीपिकेत चौथ्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, हा शब्द येतो तो समाधीच्या अंगानं. पाय मानेमागे अडकवायचं योगनिद्रासन वेगळंच, ते सोडूनच द्या. आज वर्गात किंवा मोबाइलवर जी योगनिद्रा मिळते तिचा साचा बहुतेक वेळा मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींचा असतो. तो त्यांनी तंत्रातल्या न्यासावरून बसवला. पूजेत गुरुजी मंत्र म्हणत एकेका अवयवाला हात लावायला सांगतात ना, तो न्यास. सत्यानंदांनी मंत्र आणि स्पर्श बाजूला ठेवून नुसतं लक्ष फिरवलं. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट... लक्ष तिथे टेकतंय तोवर पुढचं नाव येतं. सुरुवातीला संकल्प, मग ही फेरी, श्वास, जड-हलकं, गार-गरम अशा उलटसुलट जाणिवांच्या जोड्या, मग डोळ्यांपुढे चित्रं आणि शेवटी पुन्हा तोच संकल्प. हे सगळं बहुतेकदा शवासनात पडूनच करतात, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण शवासन ही बैठक आहे आणि योगनिद्रा हा त्या बैठकीतला कार्यक्रम. वर्ग संपताना दोन मिनिटं दिवे घालवून "आता योगनिद्रा करू या" म्हणणाऱ्या शिक्षकांनी हे तरी पाळावं.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. अडतं ते पुढे: योगनिद्रेत झोपायचं नसतं. नावात निद्रा असून नसतं! शरीर झोपेच्या उंबरठ्यापर्यंत न्यायचं आणि आपण मात्र जागं राहून ऐकत राहायचं, एवढाच तो खेळ. म्हणून तर सांगणारा मध्ये मध्ये "झोपू नका" म्हणतो. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर सोपी आहे. उजव्या पायाची करंगळी ऐकल्याचं आठवतं आणि त्यानंतर थेट "हळूहळू डोळे उघडा" ऐकू आलं, म्हणजे डावं अंग, श्वास, चित्रं सगळं गेलं. ती योगनिद्रा 'खोल' लागली नव्हती, तुम्हाला झोप लागली होती. त्यात पाप काही नाही. पण रोज असंच होत असेल तर रात्रीची झोप कमी पडते आहे, आणि त्यावर उपाय लवकर निजण्याचा.

इथेच तो फॉरवर्डही निकालात काढते: 'एक तास योगनिद्रा म्हणजे चार तासांची झोप.' जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं डोळे जड होतात आणि तो भार उतरतो झोपेतच. चहा-कॉफी त्याची जाणीव तेवढी दाबते. योगनिद्रेनं ताण हलका होतो, जागरणाची उसनवारी फिटत नाही.

मग झोप सुधारायला काय करावं? माझं मत ठाम आहे. योगनिद्रा संध्याकाळी, सतरंजीवर, वीस मिनिटं, पूर्ण जागेपणी. रात्री रेकॉर्डिंग नको. बासरीच्या पार्श्वसंगीतावर डोळा लागतो न लागतो तोच मध्ये गृहकर्जाची जाहिरात किंचाळते. रात्री पाच मिनिटं भिंतीला पाय टेकवून पडा आणि मग खालीच शवासन. १९६९ साली मुंबईच्या डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. ते रुग्णही नुसते पडून राहत नव्हते. नाकपुडीशी आत येणारी गार हवा आणि बाहेर जाणारी कोमट हवा, यावर त्यांचं लक्ष होतं. तेवढंच करा. डोळे जड झाले की कुशीवर वळून उठा आणि अंथरुणात जा. वीसेक मिनिटांत झोप नाहीच आली तर उठून मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत जा. तीनला जाग आली तरी हेच. घड्याळ बघू नका. आणि घोरताना मध्येच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर आसनं राहू देत, आधी डॉक्टर गाठा.

काकांना मी आता योगनिद्रेच्या वेळी उजवा हात कोपरापासून उभा धरायला सांगते. डुलकी लागली की हात पडतो आणि जाग येते. पहिल्या दिवशी तो चारदा पडला, एकदा शेजारच्या जोशीकाकूंच्या चष्म्यावर.