बीटचं खरं काम जिभेच्या मागे चालतं

बेळगावात गणपत गल्लीत बीट घ्यायला वाकलात की शेजारचं कुणीतरी सांगतंच, "घ्या घ्या, रक्त वाढतंय." लाल खाल्लं की रक्त वाढतं, असा हिशेब असेल तर कुंकू चाटूनही हिमोग्लोबिन वाढायला हवं! बीटचा रंग बीटानिन या रंगद्रव्याचा; त्यात लोह नसतं. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम, नाचणीच्या पिठात त्याच्या कितीतरी पट. तांबड्या पेशी तयार व्हायला लागणारं फोलेट हे जीवनसत्त्व मात्र बीटमध्ये चांगलं असतं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

बीटची खरी गंमत नायट्रेटमध्ये, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या एका संयुगात आहे. ते आतड्यातून रक्तात जातं, आणि त्यातला सुमारे पाव हिस्सा लाळग्रंथी ओढून घेऊन पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या बाजूच्या खाचांत राहणारे जिवाणू नायट्रेटचा एक ऑक्सिजन काढून घेतात आणि नायट्राइट उरतं. हे काम आपल्या पेशींना नीटसं जमत नाही, जिवाणूच लागतात. लाळ गिळली की जठरातल्या आम्लात काही नायट्राइटचं नायट्रिक ऑक्साइड होतं. उरलेलं रक्तात जातं आणि जिथे ऑक्सिजन कमी, तिथे त्याचंही नायट्रिक ऑक्साइड होतं. हा वायू रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत शिरून ग्वानिलेट सायक्लेज नावाचं विकर जागं करतो, त्यामुळे सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, स्नायू सैलावतो, नळी रुंदावते आणि रक्तदाब थोडा उतरतो. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामगिरीच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. जंतुनाशक माउथवॉशने खळखळून चूळ भरून बीटचा रस प्यायलात, तर साखळी तोंडातच तुटते.

म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करून 'बीट पावडर'चा महागडा डबा आणू नये. परिणाम आहे, पण माफक.

चवीचं म्हणाल तर नाक मुरडणाऱ्यांना खटकतो तो मातकट वास जिओस्मिनचा, पहिल्या पावसात मातीला येतो तोच. आम्लात जिओस्मिन मोडतं, त्यामुळे कोशिंबिरीत लिंबू पिळणं किंवा दही घालणं हा नुसता रिवाज नाही. नायट्रेट पाण्यात विरघळतं. म्हणून बीट सालासकट उकडावं, सोलून-चिरून उकडून पाणी ओतून देऊ नये.

दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका, काहींना तसं होतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी मात्र बेतानं खावं, बीटमध्ये ऑक्झलेट, म्हणजे बऱ्याच मुतखड्यांतला घटक, भरपूर असतं.