एक जमीन, दोन कबुल्या: जॉर्जिया-क्रीक वादाची पार्श्वभूमी

जानेवारी १८२७ मध्ये क्रीक या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या मोजणीदारांना अडवलं आणि प्रकरण राज्याच्या फौजेपर्यंत गेलं. याचं मूळ अमेरिकेच्या केंद्र सरकारच्याच दोन कागदांत आहे. १७९० च्या न्यूयॉर्क तहात केंद्राने ठरलेल्या सीमेपलीकडची जमीन क्रीकांचीच राहील, अशी हमी दिली. २४ एप्रिल १८०२ च्या करारात जॉर्जियाने आजच्या अलाबामा-मिसिसिपीकडचा आपला दावा साडेबारा लाख डॉलरला सोडला. बदल्यात राज्यात उरलेल्या जमिनीवरचा मूळ रहिवाशांचा हक्क 'शांततेने, वाजवी अटींवर' मिटवून देण्याचं केंद्राने कबूल केलं. मुदत घातलीच नाही! आणि क्रीकांनी विकायला नकारच दिला तर? त्याबद्दल करारात अवाक्षर नाही. १७९० च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्याला ही जमीन परस्पर घेताही येत नव्हती.

१२ फेब्रुवारी १८२५ ला इंडियन स्प्रिंग्ज या ठिकाणी क्रीक सरदार विल्यम मॅकिंटॉश आणि त्याच्या गटातल्या सरदारांनी तह करून ४ लाख डॉलरला जमीन केंद्राला लिहून दिली. क्रीकांच्या परिषदेच्या संमतीविना जमीन विकणाऱ्याला क्रीक कायद्यात देहदंड होता. ताबा सप्टेंबर १८२६ मध्ये मिळायचा होता. पण जॉर्जियाचा गव्हर्नर जॉर्ज ट्रूप, म्हणजे मॅकिंटॉशचाच आतेभाऊ, त्याला लगेच मोजणी हवी होती. मॅकिंटॉशने होकार दिला. ३० एप्रिल १८२५ ला विक्रीला विरोध करणारा क्रीक सरदार मेनावा याच्या माणसांनी मॅकिंटॉशचं घर पेटवून त्याला ठार केलं.

मोजणीची एवढी घाई का, तर जॉर्जिया जमीन सोडतीने वाटत असे. एका पिंपात नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात तुकड्यांच्या क्रमांकांच्या. मोजणीशिवाय क्रमांक पडत नाहीत, आणि क्रमांकाशिवाय सोडत नाही. १८२७ च्या सोडतीतला तुकडा २०२.५ एकरांचा, म्हणजे ४५ साखळ्यांचा चौरस. ही साखळी ६६ फुटी, आपल्या गुंठ्याच्या साखळीच्या दुप्पट.

अमेरिकेचे अध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी इंडियन स्प्रिंग्जचा तह बाजूला सारून जानेवारी १८२६ मध्ये नवा केला. त्यात राज्याच्या पश्चिम कडेची एक पट्टी क्रीकांकडे राहिली. ट्रूपने तिथेही मोजणीदार धाडले आणि केंद्राने बळ वापरल्यास फौजेने उत्तर देऊ, असं फेब्रुवारी १८२७ मध्ये लिहून कळवलं. अ‍ॅडम्सनी सैन्य न पाठवता प्रश्न काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे टाकला. नोव्हेंबरात उरलेली पट्टीही तहाने घेतली गेली. डिसेंबर १८२८ मध्ये जॉर्जियाने चेरोकी या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या प्रदेशावर आपली सत्ता लादणारा कायदा मंजूर केला.